मदत हवी आहे: गवतात रानसशाचं आणि पाणकोंबडीचं पिल्लू, उचलायचं का?

पाणकणीस:
तळ्याकाठचं गवत कापताना दोन एकटी पिल्लं दिसली. एक रानसशाचं, डोळे उघडे, जराही हलत नाही. दुसरं काळंकुळकुळीत, सारखं ओरडतंय. जवळूनच लाजरी पाणकोंबडी पळाली. काम थांबवलंय. पुढे काय करू?

कुसळी:
थांबलात हे फार बरं केलंत. दोन्ही पिल्लं जन्मापासून चालतीफिरती असतात, पण एकटं असण्याचा अर्थ दोघांत उलटा.

सशाची मादी दिवसभर मुद्दाम लांब राहते, म्हणजे तिच्या मागावर शत्रू पिल्लापर्यंत येत नाही. अंधार पडल्यावर येते, काही मिनिटं पाजते आणि जाते. पिल्लू गप्प असेल, जखम नसेल, तर सगळं ठीक आहे. हात लावू नका. बिळात तर मुळीच ठेवू नका, रानससे उघड्यावर गवतातच वाढतात.

पाणकोंबडीची पिल्लं मात्र आईबापांच्या मागे फिरतात, त्यांच्याकडून भरवून घेतात, त्यांच्याच पंखाखाली ऊब घेतात. सारखं ओरडणारं एकटं पिल्लू म्हणजे चुकलेलं. मोठे पक्षी झाडोऱ्यात दडलेले असतील. तुम्ही तिथे उभे आहात तोवर ते बाहेर येणार नाहीत. तीस-चाळीस मीटर मागे जा, दुर्बिणीतून तासभर पाहा. पिल्लू उघड्यावर असेल तर आधी जवळच्या उभ्या गवतात कोरड्या जागी ठेवा. पाण्यात सोडू नका, पिसं भिजली की गारठतं.

पाणकणीस:
सशाचं पिल्लू कापायच्या पट्ट्यातच आहे. रात्रभर घरी ठेवून गाईचं दूध देऊ का?

माळरान:
कृपा करून नको. सशाचं दूध खूप दाट आणि स्निग्ध. गाईच्या दुधाने जुलाब लागतात, ड्रॉपरने पाजताना फुप्फुसात गेलं तर पिल्लू दगावतं. भोवती तीन-चार मीटर गवत उभं ठेवा, कुत्री बांधा. हलवावंच लागलं तर हातमोजे घालून, मूठभर गवतासकट, काही पावलांवरच्या आडोशाला. उरलेलं गवत मधून बाहेरच्या बाजूला कापत न्या, जनावरांना काठाकडे पळता येतं.

जखम, कुत्र्या-मांजराचा चावा किंवा केसांत माशीची पांढरी अंडी दिसली तरच उचला. भोकं पाडलेलं खोकं, आत कापड, अंधार, शांतता. दोघांना वेगळी खोकी. मग लगेच वनविभागाला कळवा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे, घरी पाळता येत नाही.

उद्या सशाचं पिल्लू तिथे दिसलं नाही तर गवत तुडवत शोधू नका, ती जागा बदलतात.