दोन जीपीयूचं एआय मशीन सोलर-बॅटरीवर: लांब प्रॉम्प्टला पीसी मरतो, चौथ्या पहाटे बॅटरी संपते

विजेरी:
मांडणी अशी आहे. आरटीएक्स ३०९० ची दोन जीपीयू (ग्राफिक्स) कार्डं, प्रत्येकी २४ जीबी मेमरी. पॉवर सप्लाय १००० वॅट. उबुंटू लिनक्सवर लामा सीपीपी हा मॉडेल चालवणारा प्रोग्रॅम, त्यात लामा ३ चं ७०बी (७० अब्ज पॅरामीटरचं) भाषा-मॉडेल, क्वांटायझेशन (मॉडेलचे आकडे कमी बिटांत दाबणं) क्यू४_के_एम. फाइल साधारण ४२.५ जीबी, कॉन्टेक्स्ट (मॉडेलला एकावेळी मावणारा मजकूर) ८१९२ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे.

वीज: ५४० वॅटची चार पॅनेल, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तास लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर. त्याचा स्वतःचा खप मॅन्युअलमध्ये ५० वॅट दिलाय.

काम: स्कॅन केलेल्या कागदपत्रांच्या मजकुरातून ठरावीक माहिती काढायची. दिवसाचे दहा तास एकामागून एक कागद जातो, रात्री मशीन नुसतं चालू असतं.

प्लगला मीटर लावून घेतलेले आकडे: नुसतं चालू १३० वॅट, उत्तर लिहिताना ४८० च्या आसपास, लांब प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेला मजकूर) वाचताना ८५० च्या वर. वेग सेकंदाला १५ टोकन.

दोन दुखणी आहेत. एक, प्रॉम्प्ट पाच-सहा हजार टोकनांचा झाला की अधूनमधून पीसी झटक्यात बंद. इन्व्हर्टर तर ३ किलोवॅटचा आहे, मग कमी काय पडतंय? दोन, ऊन चांगलं असूनही भरलेल्या बॅटरीपासून सुरुवात केली की चौथ्या पहाटे इन्व्हर्टर कटऑफला जातो. बॅटरी वाढवू का पॅनेल?

तारयंत्री:
आधी बंद पडण्याचं पाहू. मशीन *कसं* बंद पडतं यावरून निम्मं निदान होतं.

इन्व्हर्टर ओव्हरलोड झाला तर त्याच्यावरचे बाकीचे दिवेही जातात आणि पडद्यावर एरर कोड येतो. इन्व्हर्टर ग्रिडवरून बॅटरीवर उडी मारताना वीज क्षणभर तुटत असेल, तर पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. ही उडी 'अप्लायन्स' मोडमध्ये साधारण २० मिलिसेकंदांची असते आणि 'यूपीएस' मोडमध्ये १०. पूर्ण भाराखाली बहुतेक पॉवर सप्लाय १२ ते १७ मिलिसेकंदच तग धरतात, तेव्हा सेटिंग 'यूपीएस' वर आहे ना ते पाहून ठेवा. तिसरा प्रकार: फक्त पीसी मेला, पुढचं बटण दाबून काही होत नाही, मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलं की मगच उठतो. हा प्रकार असेल तर पॉवर सप्लायचं संरक्षण पडून अडकून बसलंय.

उठल्यावर जर्नलसीटीएल या लिनक्सच्या कमांडने मागच्या बूटचा लॉग उघडा. शेवटची ओळ मधेच तुटली असेल तर वीजच गेली. तिथे एनव्हिडिया ड्रायव्हरचा 'एक्सआयडी ७९' हा एरर दिसला, म्हणजे कार्डाचा मदरबोर्डशी संपर्क तुटला, तर रायझर (कार्ड स्लॉटला जोडणारी जादा केबल) आणि ८-पिन केबल आधी तपासा.

विजेरी:
तिसरा प्रकार. स्विच बंद-चालू करावा लागतो. लॉग मधेच तुटलेला, एक्सआयडी काही नाही. रायझर नाही, पण दोन्ही कार्डांना प्रत्येकी एकच केबल आहे, जिच्या टोकाला दोन ८-पिन फाटे फुटतात.

तारयंत्री:
मग दोष पॉवर सप्लाय आणि केबलच्या जोडीचा आहे, इन्व्हर्टरला मोकळं सोडा.

तुमचा मीटर सेकंदाची सरासरी दाखवतो. ३०९० ची मर्यादा ३५० वॅट असली तरी काही मिलिसेकंदांपुरती ती ५०० च्या पुढे उसळते. उत्तर लिहिताना लामा सीपीपी मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटतो, त्यामुळे एक कार्ड काम करतं तेव्हा दुसरं वाट पाहतं. म्हणून ४८० वर भागतं. लांब प्रॉम्प्ट वाचताना मात्र तो तुकडे करून पाइपलाइनमधून जातो आणि दोन्ही कार्डं एकदम राबतात. दोन उसळ्या एका क्षणी जुळल्या, वर सीपीयू, की १००० वॅट ओलांडले.

उपाय, याच क्रमाने:

केबल बदला. प्रत्येक ८-पिन सॉकेटला पॉवर सप्लायपासून वेगळी केबल. एका ८-पिनचं मानक १५० वॅटचं आहे आणि दुफाट्या केबलमधून तुम्ही जवळपास दुप्पट ओढताय. उसळीच्या क्षणी तिथे व्होल्टेज बसतं. केबल त्याच पॉवर सप्लायसोबत आलेलीच वापरा. दुसऱ्या मॉडेलची केबल भोकात बसते, पण सप्लायकडच्या टोकाची पिन-रचना वेगळी असू शकते आणि मग कार्ड जळतं.

पॉवर लिमिट लावा. एनव्हिडिया-एसएमआय या कार्डाच्या सेटिंगच्या कमांडमध्ये आधी पर्सिस्टन्स मोड (ड्रायव्हर सतत जागा ठेवणं) चालू, मग 'पीएल' पर्यायाने प्रत्येक कार्ड २५० वॅटवर.

आणि हे बहुतेक जण विसरतात: पॉवर लिमिट सरासरीवर लगाम घालतं, मिलिसेकंदाच्या उसळीवर नाही. उसळी येते वरच्या क्लॉकला लागणाऱ्या चढ्या व्होल्टेजमुळे. म्हणून त्याच साधनाच्या 'एलजीसी' पर्यायाने कोअर क्लॉक २१० ते १४०० मेगाहर्ट्झमध्ये बांधून टाका. दोन्ही सेटिंग रीबूटनंतर पुसली जातात, तेव्हा सिस्टमडीची (लिनक्समध्ये बूटला कामं सुरू करणारी यंत्रणा) छोटी सर्व्हिस करून बूटलाच लावा.

लिहिण्याचा वेग फारसा पडणार नाही, कारण तिथे अडथळा मेमरीचा आहे: कार्डाची बँडविड्थ सेकंदाला ९३६ जीबी आणि दर टोकनला ४२.५ जीबी वाचायचे, म्हणजे कागदावरसुद्धा २२ टोकनच. प्रॉम्प्ट वाचणं हे निव्वळ गणिताचं काम, ते मात्र जाणवण्याइतकं मंद होईल.

मोजपट्टी:
बॅटरीचा हिशेब मांडतो. पॅनेल २.१६ किलोवॅट. दिवसाला साडेचार तास पूर्ण उन्हाचे धरले आणि उष्णता, धूळ, वायरिंगसाठी पाव भाग वजा केला, तर ७.३ युनिट हाती येतात.

दिवसाचा खर्च: ४८० वॅट प्लगला, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर बॅटरीकडून ५३०, अधिक त्याचे स्वतःचे ५०. दहा तासांचे ५.८ युनिट.

रात्रीचा खर्च: १३० चे बॅटरीकडून १४५, अधिक ५०, गुणिले १४ तास. २.७ युनिट.

बेरीज ८.५. रोज १.२ युनिटांचा खड्डा. बॅटरीत ५.१२ युनिट, त्यातले वापरण्याजोगे ४.६. भागाकार करा, जवळपास चार दिवस येतात. तुमची चौथी पहाट तीच.

बॅटरी दुप्पट केलीत तर आठवी पहाट येईल, बाकी काही बदलणार नाही. पॅनेल वाढवूही नका एवढ्यात. रात्री काहीही काम न करता २.७ युनिट जाताहेत, ते आधी बंद करा. मशीन झोपवा, आणि ८-१० वॅटचा एक छोटा बोर्ड जागा ठेवा. तो कागद रांगेत घेईल आणि सकाळी वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून संदेश देऊन) मोठ्या मशीनला उठवेल. इन्व्हर्टर धरून रात्रीचा खर्च एका युनिटाच्या आत येतो.

यात दोन ठेचा लागतात. सस्पेंड करण्याआधी मॉडेल सर्व्हर थांबवा. लिनक्सवर जाग आल्यानंतर कुडा (कार्डावर गणित चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) कधीकधी 'अज्ञात त्रुटी' म्हणून रुसतं, तेव्हा एनव्हिडियाचं यूव्हीएम हे ड्रायव्हर मॉड्यूल काढून परत लावायचं. आणि मॉडेल एनव्हीएमई डिस्कवर असू द्या: सेकंदाला ३ जीबीने ४२.५ जीबी १४-१५ सेकंदांत चढतं, साध्या साटा एसएसडीवर दीड मिनिट जातं.

याच्याही पुढे जायचं तर रात्री इन्व्हर्टरच बंद ठेवा आणि बोर्डाला बॅटरीवरून ४८ ते ५ व्होल्टचा कन्व्हर्टर द्या, फ्यूजसकट. मग रात्रीचा खर्च ०.१५ युनिटाच्या आसपास. मात्र तेव्हा वेक-ऑन-लॅन चालत नाही, कारण पॉवर सप्लायला वीजच नसते. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू हो' हे सेटिंग लावा. पॅनेलचं व्होल्टेज आलं की इन्व्हर्टर स्वतः जागा होऊन चार्जिंग घेतो का, ते त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहून मगच हा मार्ग धरा.

एकटोकन:
वरचं सगळं बरोबर, पण ७०बी मॉडेल एकेका कागदाला जुंपणं हाच मूळ उधळेपणा आहे.

४८० वॅट भागिले १५ टोकन, म्हणजे टोकनाला ३२ जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, त्यात सव्वा लाखसुद्धा टोकन निघत नाहीत. कारण एका टोकनासाठी अख्खं मॉडेल मेमरीतून वाचलं जातं आणि गणित करणारे कोअर बहुतांश वेळ रिकामे बसतात. १६ कागद एकत्र चालवले तर त्याच एका वाचनात १६ टोकन पडतात. वॅट वाढतात, पण सोळापट नाही.

अडचण जागेची. वाचलेल्या टोकनांची नोंद मेमरीत ठेवावी लागते, तिला केव्ही कॅश म्हणतात. तिचा हिशेब असा: २ × थर × केव्ही हेड × हेडची रुंदी × २ बाइट. लामा ३ ७०बी मध्ये ८० थर, ८ केव्ही हेड, रुंदी १२८, म्हणजे टोकनाला ३२० केबी. ८१९२ टोकनांचे अडीच जीबी. मॉडेलनेच ४२ जीबी खाल्ल्यावर १६ कागदांची कॅश ठेवणार कुठे?

क्वेन २.५ चं ३२बी घ्या, ४-बिट एडब्ल्यूक्यू (क्वांटायझेशनचाच एक प्रकार), साधारण १९-२० जीबी. ६४ थर, म्हणून टोकनाला २५६ केबी. व्हीएलएलएम या बॅचमध्ये मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅमला ४८ जीबीपैकी ९० टक्के वापरू दिले, तर मॉडेल आणि कामचलाऊ बफर वजा जाता ८० हजारांच्या आसपास टोकनांची जागा उरते. एकावेळी १६ कागद, प्रत्येकी ५ हजार टोकन. सूचनांचा भाग सगळ्या कागदांना सारखाच असेल तर तो प्रॉम्प्टच्या *सुरुवातीला* ठेवा आणि प्रीफिक्स कॅशिंग (सुरुवातीचा सारखा भाग एकदाच वाचून ठेवणं) चालू करा. कागदाचा मजकूर आधी आणि सूचना नंतर असा क्रम असेल तर कॅशचा काडीचाही उपयोग नाही.

दुसरी वाट, क्वेन ३ चं ३०बी-ए३बी. एकूण ३०.५ अब्ज पॅरामीटर, पण दर टोकनाला १२८ पैकी ८ एक्स्पर्ट (मॉडेलचे छोटे उपभाग) जागे होतात, म्हणजे ३.३ अब्ज. क्यू४_के_एम फाइल १९ जीबीच्या आत, टोकनाला ९६ केबी कॅश. एका कार्डात बसतं, दुसरं कार्ड काढून ठेवा. फक्त बॅचचा फायदा इथे तितका सरळ मिळत नाही: वेगवेगळे कागद वेगवेगळे एक्स्पर्ट मागतात, त्यामुळे बॅच वाढली की वाचनही वाढतं.

मोठं मॉडेल सोडण्याआधी हातात बरोबर उत्तरं असलेले शंभरेक कागद घ्या आणि रकाना-रकाना ताडून पहा. तारीख आणि रक्कम या दोन रकान्यांत छोटी मॉडेलं आधी घसरतात.

तारयंत्री:
एक इशारा. व्हीएलएलएमला टेन्सर पॅरलल २ दिलंत की प्रत्येक थर दोन्ही कार्डांत चिरला जातो. मग लिहितानाही दोन्ही कार्डं एकाच ठेक्यात राबतात आणि उसळ्या जुळणं हा अपवाद न राहता नियम होतो. केबल आणि क्लॉकची मर्यादा आधी, व्हीएलएलएम नंतर. शिवाय दुसरं कार्ड चिपसेटच्या एक्स४ (चारच लेनच्या, अरुंद) स्लॉटमध्ये असेल तर थरागणिक दोनदा होणारी देवाणघेवाण तिथे तुंबते. ३०९० ला एनव्हीलिंक ब्रिज (दोन कार्डं थेट जोडणारा) बसतो, तो मिळाला तर उत्तम. नाहीतर पाइपलाइन पॅरललवर, म्हणजे अख्खे थर कार्डांत वाटण्यावर, राहा.

विजेरी:
केबल आज बदलतो. एक आडवा प्रश्न: डेटा सेंटरमध्ये रॅकला ४८ व्होल्ट डीसी देतात, आता तर ८०० व्होल्ट डीसीचं चाललंय. माझ्याकडे बॅटरी ५१ व्होल्टचीच आहे. इन्व्हर्टर वगळून कार्डांना थेट १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावला तर?

मोजपट्टी:
नका. १२ व्होल्टला १००० वॅट म्हणजे ८३ अँपिअर. केबल बोटाएवढी जाड आणि प्रत्येक सांधा तापायची जागा. दुसरं, कार्ड ७५ वॅटपर्यंत वीज स्लॉटमधूनही घेतं. स्लॉटचे १२ व्होल्ट एका सप्लायचे आणि ८-पिनचे दुसऱ्याचे झाले की दोन्हींचं ग्राउंड एक असणं आणि एकदम चालू-बंद होणं सक्तीचं. ते चुकलं की उलटी वीज मदरबोर्डात. एवढं करून कन्व्हर्टरची स्वतःची घट जाता वाचणार थोडे टक्के, आणि त्याहून जास्त तुम्ही रात्री मशीन झोपवूनच वाचवताय. रॅकमध्ये व्होल्टेज चढवतात ते तिथे एकेका रॅकचा भार १०० किलोवॅटच्या पुढे गेलाय म्हणून. तांब्याचं वजन आणि सांध्यांची उष्णता आवरायची असते.

त्याऐवजी बॅटरीच्या टक्केवारीवर काम बांधा. टक्केवारी बीएमएसकडून (बॅटरीचं स्वतःचं नियंत्रण सर्किट) आरएस४८५ या डेटा-जोडणीवर वाचा, व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका. या रसायनाचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं आणि ८० टक्के व ४० टक्के एकसारखेच दिसतात. ८० च्या वर पूर्ण बॅच, त्याखाली कार्डं २०० वॅटवर, ४५ ला रांग थांबवा आणि ६० झाल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. थांबायचा आणि सुरू व्हायचा आकडा एकच ठेवलात तर ढग आला-गेला की मॉडेल दर पाच मिनिटांनी चढत-उतरत बसेल.

एकटोकन:
आणि रांग थांबवताना चालू बॅच पुरी होऊ द्या. अर्धवट तोडलीत तर त्या सोळाही कागदांचे प्रॉम्प्ट पुन्हा वाचावे लागतील, म्हणजे सगळ्यात महागडा भाग दोनदा.