जनमत घ्यायचं, तर टक्का कशाचा मोजायचा? ब्रेक्झिट, आडवी बाटली आणि वेगळा विदर्भ: चौघांची चर्चा

धुरा
वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘घ्या ना एकदाचं जनमत!’ घ्या, पण आधी नियम ठरवा. ब्रेक्झिटच्या मतदानात ब्रिटननं ठरवला नाही. २३ जून २०१६ ला ७२.२ टक्के मतदान झालं. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारे ५१.८९ टक्के, राहा म्हणणारे ४८.११. यादीतल्या सगळ्या मतदारांत मोजलं तर ‘बाहेर’वाले ३७.४ टक्केच भरतात. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. ६२ टक्के ‘राहा’ म्हणणाऱ्या स्कॉटलंडमध्ये पुन्हा स्वातंत्र्याची भाषा सुरू झाली. मजूर पक्षाच्या खासदारांनी तर आपल्याच नेत्यावर, कॉर्बिन यांच्यावर, १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला.

आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायलाही याहून कडक अट आहे. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, पडली तरच दुकानाला कुलूप. दुकानाला एवढं, अन् राज्य तोडायला साधं बहुमत?

पऱ्हाटी
धुराभाऊ, आडव्या बाटलीचा नियम आदर्श म्हणून सांगू नका. गावपातळीवर तो कुठे अडतो ते पाहा. समजा यादीत ८०० महिला आहेत, म्हणजे ४०१ मतं हवीत. त्यातली १२० नावं मेलेल्यांची किंवा लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकींची. उरल्या ६८०. त्यातल्या ५०० आल्या तर ८० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. ४०० पडली तरी दुकान चालू! दुकानदाराला मतं मागायची गरजच नाही, बायांना त्या दिवशी घरी किंवा वावरात अडकवलं की झालं. सह्यांतही तेच: यादीत माहेरचं नाव, सही सासरच्या नावानं, की पडताळणीत बाद.

हाच प्रकार स्कॉटलंडनं १९७९ मध्ये भोगला. वेगळ्या विधानसभेच्या बाजूनं ५१.६ टक्के मतं पडली, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट होती. भरले ३२.९. जिंकूनही हरले, आणि तो राग पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला.

वैनगंगाकाठ
तुमी दोघंबी टक्क्यावरच भांडून रायले. आपल्या घटनेत राज्य बनवाले जनमत लागतच नाई. अनुच्छेद ३ वाचा. राष्ट्रपती विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मत द्याले पाठवते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाई. आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं, तरी २ जूनले तेलंगणा झालंच. इथं संघटनांनी घेतलेल्या चाचण्यांत वेगळ्या विदर्भाले ढीगभर मतं पडली, मान्य. पण ज्याले विदर्भ वेगळा नको, तो कायले रांगेत उभा राहीन?

सातबारा
वैनगंगाकाठ, कायदेशीर मुद्दा बरोबर, पण ब्रेक्झिटचं मतदानही सल्ल्यापुरतंच होतं. २४ जानेवारी २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध ३ असं सांगितलं की संसदेनं कायदा केल्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही. तरी एकदा आकडा आल्यावर ‘आम्ही मानत नाही’ म्हणायची किती खासदारांची छाती झाली?

माझ्या मते खरी गोम प्रश्नात आहे. ‘राहायचं की बाहेर पडायचं’ एवढंच विचारलं. व्यापार कसा, आयर्लंडची सीमा कशी, काही नाही. म्हणून २०१९ मध्ये संसदेनं बाहेर पडण्याचा करार तीनदा फेटाळला. ‘बाहेर’वाल्यांना प्रत्येकाला वेगळं ‘बाहेर’ हवं होतं. अखेर बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० ला. आपल्याकडे ‘वेगळा विदर्भ हवा का’ विचारलं तर कर्जाचा वाटा, सिंचनाचा अनुशेष, विजेचा दर, यातलं मतदारानं काय मंजूर केलं?

नीट काम पाहायचं तर गोवा पाहा. आधी १९६६ मध्ये संसदेनं खास कायदा केला. सत्तेचा वापर होऊ नये म्हणून विलीनीकरणवाल्या मुख्यमंत्री बांदोडकरांचं सरकार बाजूला झालं. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हावं यासाठी १,३८,१७० आणि वेगळं राहावं यासाठी १,७२,१९१ मतं. विलीनीकरणवाले हरले, आणि त्याच वर्षी बांदोडकर निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री. लोकांनी प्रश्न आणि माणूस वेगळे ठेवले.

धुरा
गोव्यात निकाल टिकला तो फरकामुळे. ५५-४५ च्या आसपास गेलं तर हरलेला गप्प बसतो, ५२-४८ ला बसत नाही. ब्रिटनमध्ये मतदानाआधीच एकानं याचिका टाकली होती: मतदान ७५ टक्क्यांखाली आणि विजयी बाजू ६० टक्क्यांखाली असेल तर पुन्हा मतदान घ्या. टाकणारा ‘बाहेर’वाला, आणि निकालानंतर तीवर ४० लाखांहून जास्त सह्या केल्या त्या ‘राहा’वाल्यांनी! नियम नंतर मागितला की असं होतं. यादी साफ करा, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट ठेवाच.

पऱ्हाटी
यादी साफ झाली तरी तारीख राहतेच, भाऊ. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, उन्हाळ्यात गडचिरोलीकडे मोहफूल आणि तेंदूपत्ता, पाऊस लागला की धानाची रोवणी. मजुरी बुडवून कोण येईल? तुमच्या ४० टक्क्यांत वावरातली गैरहजर बाई ‘नको’ म्हणून मोजली जाते. तिला कोणी विचारलं का?

वैनगंगाकाठ
मंग सुट्टी भरपगारी द्या, अन् तेबी रोजमजुराले. कोन देईन, ते लिहा आधी.