प्रतिसाद : पणत्या रंगवण्यापुरतीच माती कशाला?

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना माती द्यावी, पण साच्यातल्या पणत्या रंगवण्यापुरतीच, असं वर कुणीतरी लिहिलंय. अजिबात पटलं नाही.

मेलबर्नचे ॲलन कॉन्स्टेबल बघा. बौद्धिक अपंगत्व, त्यात नजर इतकी अधू की वस्तू डोळ्यांना जवळजवळ टेकवून बघावी लागते. ते मातीचे कॅमेरे घडवतात. लेन्स, बटणं, सगळं किंचित तिरकं, बोटांचे ठसे तसेच ठेवलेले. लहानपणी हेच पुठ्ठ्याचे करायचे! जपानचे शिनिची सावादा स्वमग्न, बोलणं अगदी कमी. त्यांच्या मातीच्या राक्षसांच्या अंगावरचा एकेक काटा हाताने वळून चिकटवलेला. २०१३ च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात ती शिल्पं मांडली होती. साचा कुठे आला यात?

आपल्या कोकणात तर गावोगाव गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचे कारखाने. चतुर्थी झाली की त्या बहुतेक रिकाम्याच. तिथे बसवा ना या मुलांना, आणि तिरकं नाक सरळ करायला मधे हात घालू नका. फक्त एक लक्षात ठेवा, शाडू आपण नुसता वाळवतो. भाजायचं असेल तर कुंभाराकडची माती आणा. जाड काम आतून पोकळ ठेवा. आपली हवा दमट, ओल राहिली की भट्टीत फुटलंच म्हणून समजा.