करीमा आणि जेबेल बर्कल: तुमचे अनुभव

सुदानमधील करीमा हे नाईलकाठचे छोटे गाव. प्रवासामुळे, नोकरीमुळे किंवा एखाद्या संग्रहालयामुळे ज्यांचा या परिसराशी संबंध आला, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

सध्याचे युद्ध सुरू होण्यापूर्वी आम्ही करीमाला मुक्काम केला होता. इंग्रजी अमलात अबू हमदहून येथवर रेल्वे आली आणि येथून पुढे डोंगोलापर्यंत आगबोटी जात; त्यांपैकी काहींचे गंजलेले सांगाडे काठावर पडलेले होते. तेथून जवळच जेबेल बर्कल हा सपाट माथ्याचा, सुमारे शंभर मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. त्याचा एक सुळका मूळ कड्यापासून सुटा झाला असून प्राचीन लोकांना त्यात फणा काढलेला नाग दिसे, आणि अमून देव या डोंगरातच राहतो अशी त्यांची श्रद्धा होती. पायथ्याच्या अमून मंदिरात कुश या येथील प्राचीन देशाच्या पिये राजाने इजिप्तवरील आपल्या विजयाचा शिलालेख उभारला, तर पुढच्या तहार्का राजाने कड्याच्या पोटात मूत देवीचे मंदिर कोरून घेतले. इजिप्तच्या सावलीत वाढलेल्या कुश देशाने त्याच इजिप्तवर राज्य केले, हे शाळेत कोणी शिकवले नव्हते, याची मला तेथे मनापासून खंत वाटली.

लंडनहून लिहिते आहे. ब्रिटिश म्युझियममधील तांबड्या ग्रॅनाइटचे दोन सिंह मला फार प्रिय आहेत. ते मुळात सुदानमधील सोलेबच्या मंदिरासाठी घडवले गेले, पुढे एका कुशी राजाने ते बर्कलला नेले आणि 1835 मध्ये लॉर्ड प्रुडो यांच्या देणगीतून ते संग्रहालयात आले. ते बर्कललाच असायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी मेरोवे धरणाच्या वीजवाहिन्यांच्या कामावर होतो. करीमाच्या वरच्या अंगाला बांधलेले हे 1,250 मेगावॉटचे धरण 2009 मध्ये सुरू झाले. त्यासाठी पन्नास हजारांहून अधिक माणसे खजुराच्या बागा सोडून उठली आणि त्यांतील बहुतेकांची वस्ती नदीपासून दूर वाळवंटात वसवण्यात आली. पाणी चढण्यापूर्वी अनेक देशांच्या पुरातत्त्व पथकांनी तेथील थडगी आणि प्रस्तरचित्रे तातडीने नोंदवून घेतली. जिवंत गावांची नोंद तितक्याच आस्थेने झाली का, हा प्रश्न मला आजही छळतो. धरणामुळे उठलेल्या मनासीर किंवा अमरी लोकांमध्ये राहिलेले कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे.