३० गुंठे ऊस असताना दोन म्हशी सांभाळणे परवडते का?

प्रश्न (करवीर तालुका, जि. कोल्हापूर)
आमच्या ३० गुंठ्यांत ऊसच आहे. आडसाली लागण केली की पीक तुटायला सोळा ते अठरा महिने जातात आणि तोवर घरखर्चाची ओढाताण होते, म्हणून दावणीला आणखी एक म्हैस बांधण्याचा विचार आहे. मात्र सरकी पेंड आणि भुश्शाचा खर्च वजा जाता हातात काहीच उरत नाही, असे गावातील जुनी माणसे सांगतात. हा हिशेब नेमका कसा मांडावा?

उत्तर (पन्हाळा)
दादा, नुसत्या दुधाचा हिशेब मांडला तर तो तोट्याचाच दिसेल. दर दहा दिवसांनी दूध संस्थेचे बिल येते आणि त्यावर किराणा, शाळेचा खर्च व दवाखाना भागतो, त्यामुळे सावकाराकडे जावे लागत नाही. हे वाचलेले व्याज कोणी मोजत नाही. शिवाय एक म्हैस रोज साधारण १२ ते १५ किलो शेण देते, म्हणजे दोन म्हशींचे वर्षाला साधारण नऊ ते अकरा टन ओले शेण होते. सतत ऊस, जादा पाणी आणि रासायनिक खत घेऊन थकलेल्या जमिनीला त्याची किती गरज आहे, हे शिरोळकडची क्षारपड झालेली राने पाहिली की कळते. मात्र वैरण विकत घेऊ नका. बांधाकडेला हत्तीगवत लावा आणि थोडी मेथीघास करा.

उत्तर (गडहिंग्लज, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त)
वरील मताशी मी सहमत आहे, पण आपल्याकडे गोठा तोट्यात जातो तो बहुतेक वेळा भाकड काळामुळे, म्हणजे म्हैस दूध देत नाही त्या काळामुळे. म्हैस सुमारे दहा महिने गाभण राहते, आणि व्याल्यानंतर ती वेळेवर माजावर आली नाही किंवा तिचा मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा माज) लक्षात आला नाही, तर दोन वेतांतले अंतर वाढत जाते व जनावर बसून खाते. म्हणून दुसरी म्हैस घेताना ती पहिलीच्या पाच-सहा महिने मागे-पुढे विणारी असावी, म्हणजे एक आटली तरी दुसरीची धार चालू राहील. दुसरी गोष्ट वाड्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याकडील हिरव्या पाल्याची. तोडणीच्या हंगामात ते मुबलक मिळते म्हणून कित्येक गोठ्यांत त्यावाचून दुसरे काही घातलेच जात नाही. वाड्यातील ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे दूध घटते आणि म्हैस वेळेवर गाभण राहत नाही. वाडे जरूर घाला, पण सोबत मेथीघास आणि रोज क्षार मिश्रण द्या. रेडी झाली तर तिला दुधावाचून तोडू नका. बाजारातून म्हैस आणण्यापेक्षा घरची रेडी वाढवलेली बऱ्याचदा स्वस्त पडते.

उत्तर (कागल)
मी स्वतः गोठा पाहते, म्हणून एक गोष्ट आवर्जून सुचवते. शेण काढण्यापासून धारेपर्यंतचे काम वहिनीच करणार असतील, तर दूध संस्थेचे सभासदत्व आणि बँकेचे खाते त्यांच्याच नावावर काढा. बिल त्यांच्या खात्यावर जमा झाले की पेंड कधी आणि किती आणायची, हे त्यांना कोणाला विचारावे लागत नाही, आणि संस्थेच्या सभेत दुधाची फॅट (स्निग्धांश) कमी का लागली हेही त्या सभासद म्हणून विचारू शकतात.