‘ढेकूण’ या शब्दाची व्याप्ती किती?

प्रश्न : कीडनियंत्रणावरील मजकूर मराठीत आणताना ‘लाल ढेकूण’, ‘पिठ्या ढेकूण’, ‘शिकारी ढेकूण’ ही नावे वारंवार येतात. ढेकूण म्हटले की खाटेतला, रक्त पिणारा, एवढेच बहुतेकांच्या मनात येते. झाडावरच्या कीटकाला तोच शब्द लावावा का, आणि त्याच्या अंड्यातून निघणाऱ्या जिवाला ‘अळी’ म्हणावे का?

उत्तर : शब्द अवश्य लावावा, कारण तो शेतकऱ्यांच्या तोंडी रुळलेला आहे आणि शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. खाटेतला ढेकूण आणि कपाशीवरचा लाल ढेकूण हे दोघेही हेमिप्टेरा गणातले असून चावण्याचे जबडे नसणे आणि त्याजागी टोचून शोषणारी सोंड असणे, ही त्यांची समान खूण आहे. पहिला तिने रक्त पितो, दुसरा बोंडातल्या सरकीचा रस शोषतो आणि त्यापायी रुईवर डाग पडतात. ‘भुंगा’ हा शब्द मात्र यांच्यासाठी कटाक्षाने टाळावा, कारण भुंग्याला कुरतडणारे जबडे असतात.

‘अळी’ म्हणणे सरळ चूक आहे. लाल ढेकणाची मादी ओलसर मातीत, भेगांमध्ये पुंजक्याने अंडी घालते आणि त्यांतून बाहेर पडतात ती सहा पायांची, बिनपंखी, तांबडीलाल ‘पिल्ले’. ती एकाच बोंडावर दाटीने बसलेली आढळतात, पाच वेळा कात टाकतात, मधल्या अवस्थांपासून त्यांच्या पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात आणि शेवटच्या कातीनंतर थेट प्रौढ बाहेर येतो. कोषावस्था या जीवनक्रमात नाहीच. म्हणून ‘पिल्ले व प्रौढ’ ही कृषिखात्याच्या पत्रकांतली जोडी तशीच ठेवावी. भेंडी आणि अंबाडी हीदेखील याच किडीची घरे आहेत, हे भाषांतरात गाळू नये.

पुरवणी प्रश्न : मग ‘शिकारी ढेकूण’ ही कीड समजायची का?

उत्तर : मुळीच नाही, आणि आपण हे विचारले याचा मला आनंद आहे. ‘ढेकूण’ हा शब्द तोंडाची रचना सांगतो, मित्र की शत्रू हे सांगत नाही. शिकारी ढेकणाची सोंड आखूड, जाड आणि वाकडी असते. ती अळीच्या अंगात खुपसून तो पाचक लाळ आत सोडतो आणि विरघळलेला ऐवज ओढून घेतो. लाल ढेकणाचा एक शत्रू तर त्याच्याच कुळातला आहे. अँटिलोकस प्रजातीतला हा ढेकूणही तांबडाच दिसतो आणि लाल ढेकणांवरच जगतो, त्यामुळे ‘लाल दिसेल तो मारा’ असे वाक्य मराठीत लिहिणे शेतकऱ्याचे नुकसान करणारे ठरेल.

‘पिठ्या ढेकूण’ हा सोंडेच्या नात्याने त्याच गणातला असला, तरी त्याची जवळीक मावा आणि खवले किडीशी अधिक आहे. अंगावरचे ‘पीठ’ वस्तुतः मेण असते. त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही तसेच पांढरे मेणाचे धागे असल्याने द्राक्षबागेत ती पिठ्या ढेकूण समजून मारली जाण्याचा धोका असतो. येथे ‘अळी’ हा शब्द मात्र अगदी योग्य, कारण भुंगेरा कोषात जातो. याच गणातली ‘पांढरी माशी’ हीदेखील माशी नव्हे. माशीला दोन पंख असतात, हिला चार.

तळ्यातल्या आणि भातखाचरातल्या जातींसाठी ‘पाणकोंबडी’, ‘पाणकावळा’ यांच्या धर्तीवर ‘पाणढेकूण’ हा शब्द मी सुचवेन. त्यांतल्या एका प्रजातीत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर ती वाहतो, म्हणून तेथे ‘अंडी वाहणारी मादी’ असे लिहिले जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे.