मोटारसायकल चालवताना आपल्याला नेमके काय आवडते?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. घरात चारचाकी आल्यापासून माझी १५० सीसीची पल्सर बहुतेक वेळ पार्किंगमध्ये झाकून उभी असते. विम्याची मुदत संपत आल्यामुळे घरात एकच विषय वारंवार निघतो, की वापरायची नसेल तर ती विकून का टाकू नये. प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला पटेल असे उत्तर नाही. ‘मोकळे वाटते’, ‘वारा अंगावर घेता येतो’ असे काहीतरी मी बोलून जातो. पण संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात अडकलेल्या माणसाला कसला मोकळेपणा आणि कसला वारा, हे घरच्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तरीही गाडी विकायची म्हटली की पाय मागे येतो. म्हणजे आवडण्यासारखे काहीतरी नक्की आहे, फक्त ते मला धड सांगता येत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे गाडी आहे आणि जे ती हौसेने चालवतात, त्यांना विनंती आहे की आपली गाडी कोणती, रस्ता कोणता आणि चालवताना नेमक्या कोणत्या गोष्टीने बरे वाटते, एवढेच लिहावे. मायलेजची आणि किमतीची तुलना कृपया येथे नको.

नाशिकरोडचे काका

माझ्याकडे उजव्या गिअरची जुनी बुलेट ३५० आहे. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की या गाडीत गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो, शिवाय पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. दुसऱ्या गाडीची सवय असलेला माणूस तिच्यावर बसला, की ब्रेक समजून गिअर दाबलाच म्हणून समजा. त्यामुळे ‘जरा गाडी देता का’ असे विचारायला सहसा कोणी येत नाही, हा पहिला आनंद.

दुसरा आनंद ती सुरू करण्याचा. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत ॲमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर येईल तेथे थांबायचे, सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेसरची कांडी ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, कांडी सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग अंगाचे वजन टाकून एकच सलग किक मारायची. यात घाई केली तर किक उलटते आणि पाय पुढे काही दिवस त्याची आठवण करून देत राहतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या सोयीच्या आहेत, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु पहिल्या किकला गाडीने ठोका धरला की आपल्याला तिची नाडी कळली असे जे वाटते, ते बटणाने वाटत नाही.

खरी मजा मात्र पेठ रस्त्याला सावळघाटात आहे. या ३४६ सीसीच्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीपेक्षा पिस्टनचा प्रवास बराच लांब, आणि त्याच्या जोडीला जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती टिकवून धरणारे चाक. त्यामुळे हे इंजिन फार फिरवावे लागत नाही, कमी फेऱ्यांतच ते ओढू लागते. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटलची मूठ थोडीशी उघडून ठेवली, की वेग फारसा वाढत नाही आणि कमीही होत नाही. एकेक ठोका सुटा ऐकू येतो, तो टाकीवर टेकलेल्या गुडघ्यांना जाणवतो आणि चढ वाढला की ठोक्यातले अंतर किती वाढले, ते काट्याकडे न पाहता समजते. ताशी साठच्या पुढे तिला नेऊ नये असे माझे मत आहे, आणि बहुधा तिचेही असावे.

जाता जाता एक बोलतो. सायलेन्सर कापून कॉलेज रोडवर फिरणाऱ्या मुलांना बुलेटचा आवाज आवडतो असे म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांना लोकांनी वळून पाहिलेले आवडते. कापलेल्या सायलेन्सरमधून ठोका ऐकू येतच नाही, नुसता गोंगाट येतो.

बागाईतदार, दिंडोरी

काकांनी सुरेख लिहिले आहे, पण माझी गाडी साधी स्प्लेंडर आहे आणि तिला अशी काही नाडी वगैरे नाही. चारही गिअर पुढेच दाबायचे, तेल वेळेवर बदलायचे, एवढेच तिचे मागणे. मला तिच्यात हेच आवडते की ती माझे लक्ष स्वतःकडे ओढून घेत नाही, त्यामुळे ते रस्त्याकडे आणि शेताकडे राहते.

एक उदाहरण देतो. माझी द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलेले असताना पारा एकदम घसरला, तर मणी तडकण्याची भीती असते. त्या दिवसांत मी पहाटे उजाडण्यापूर्वी बागेकडे निघतो. घरापासून बागेपर्यंत दोन ओहोळ लागतात. रस्ता ओहोळाकडे उतरू लागला की मुठीवरची बोटे बधिर होतात, पलीकडचा चढ लागला की पुन्हा जरा उबारा येतो, कारण थंड हवा जड असल्यामुळे रात्रभरात उताराने वाहत येऊन सखल जागी साचून राहते. दुसऱ्या ओहोळाला लागून माझा खालचा प्लॉट आहे. तेथे गारठा वरच्या प्लॉटपेक्षा किती जास्त आहे, हे मोबाइलवरच्या हवामानाच्या अंदाजात येत नाही, ते मला गाडीवर बसल्याबसल्या बोटांनी आणि गुडघ्यांनी कळते आणि शेकोटी कोणत्या बाजूला आधी पेटवायची ते बागेत पोहोचेपर्यंत ठरलेले असते. पिकअपच्या काचा लावून गेलो तर यातले काहीच कळणार नाही.

तसेच वासाचे आहे. भुरी रोगासाठी कोणी गंधक मारले आहे, कोणाचा फवारणीचा ब्लोअर चालू आहे, कोणाच्या चाळीतला कांदा सडायला लागला आहे, हे सारे बांधाच्या रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये जाताना समजते. पुढे दोन कॅरेट आणि मागे औषधाचा डबा बांधलेला असतानाही गाडी तक्रार करत नाही. आपल्याला यात हौस दिसत नसेल तर नका म्हणू, पण मी तिला बदलणार नाही.

अंबडची क्वालिटीवाली

दादांचा मुद्दा मला फार पटला. माझी आवड मात्र नेमकी उलट आहे, कारण मला गाडीने माझे सगळे लक्ष मागून घेतलेले आवडते. मी अंबडला कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, माझ्याकडे १६० सीसीची अपाचे आहे आणि माझा रस्ता त्र्यंबकच्या पुढे मोखाड्याकडे उतरणारा तोरंगण घाट.

चारचाकी स्टिअरिंग फिरवल्याने वळते. मोटारसायकल वळते ती कलल्यामुळे. थोडा वेग असताना तिला कलवण्याची रीत ऐकायला विचित्र वाटते, कारण डावीकडे वळायचे असेल तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते, त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि त्या कलण्याने वळण घेते. गाडी चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करतोच. पण ते जाणूनबुजून आणि हवे तेवढेच करता येऊ लागले, तेव्हापासून मला घाट खऱ्या अर्थाने आवडू लागला. वेग वळणाआधीच उतरवायचा, गिअर आधीच खाली घ्यायचा, नजर समोरच्या खड्ड्यावर न ठेवता वळण जेथे सुटते तेथे ठेवायची, मूठ ढकलायची आणि गाडी कलली की थ्रॉटल अगदी हलक्या हाताने धरून राहायचे. हे सगळे जुळून आले की मध्ये काहीही दुरुस्त करावे लागत नाही. असे वळण प्रत्येक फेरीत एखादेच साधते, बाकीची ठीकठाक होतात, आणि त्या एखाद्यासाठी मी पुन्हा जाते.

डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर, उजव्या हाताला थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाला मागचा ब्रेक, अशी चारही अवयवांना वेगळी कामे असल्यामुळे डोक्यात दुसरे काही शिल्लकच राहत नाही. आठवडाभर साचलेला रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या मालाचा, हिशेब त्र्यंबकपर्यंत सोबत असतो, घाटात तो गळून पडतो.

आणि एक सूचना करते, ती विषयाला सोडून नाही. अनेक जण पुढच्या ब्रेकला घाबरतात आणि पायाच्याच ब्रेकवर विसंबतात. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. ज्यांच्या गाड्या त्याआधीच्या आहेत, त्यांनी मोकळ्या जागेत पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबण्याचा सराव करावा. घाटात धाकधूक कमी झाल्याशिवाय मजा कळत नाही.

जुने नाशिक

माझे उत्तर लहान आहे. रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार, भद्रकाली. चारचाकी घेऊन या बाजूला सणासुदीला येऊन पाहा, म्हणजे मोटारसायकल का आवडते ते कोणाला विचारावे लागणार नाही. घाट आणि ठोके ज्याचे त्याने पाहावे, मला ती बोळात वळते आणि दुकानाच्या पायरीशी उभी राहते, हे पुरेसे आहे.

टू-स्ट्रोक, सिडको

काकांचे इंजिन घाई करू देत नाही आणि आमचे घाई केल्याशिवाय जागे होत नाही. माझ्याकडे आरएक्स १०० आहे. ही गाडी भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास, एवढ्यात सगळे आले. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो, म्हणून एवढ्याशा इंजिनातून ही ताकद निघते. खालच्या फेऱ्यांत ती साधीच असते. मूठ पिळत गेले की एका ठिकाणी आवाज बदलतो, बारीक आणि धारदार होतो, आणि गाडी अंगाखालून निसटते की काय असे वाटते. ती जागा कानाने ओळखून नेमक्या त्याच वेळी गिअर टाकणे, हीच माझी हौस. मात्र मूठ सोडल्यावर इंजिन फोर-स्ट्रोकसारखे गाडीचा वेग रोखत नाही, त्यामुळे थांबण्याचा विचार आधीपासून करावा लागतो.

चालवण्याइतकेच मला ती उघडणे आवडते. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, कॅम नाही; पाने-पकड घेऊन बसले की अर्ध्या दिवसात माणूस पिस्टनपर्यंत पोहोचतो. प्लग काढून त्याचे टोक पाहावे. विटकरी-तपकिरी असेल तर सर्व ठीक, काळे आणि तेलकट असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढुरके पडले असेल तर कमी जाते आहे आणि इंजिन तापते आहे. गाडी बोलत नाही असे कोण म्हणतो? सायलेन्सरमधल्या आवाज दाबणाऱ्या बॅफलवरची काजळी मी स्वतः साफ करतो आणि त्यानंतरची पहिली फेरी पाथर्डी फाट्यापर्यंत असते. धूर होतो हे मान्य आहे. टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या त्या धुरामुळेच, आणि शहराच्या हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. म्हणून मी ती रोज काढत नाही.

इंदिरानगरकर

सर्वांचे आभार. ताईंनी वळणाबद्दल लिहिलेले घरी वाचून दाखवले. ‘मग हे तुम्हाला येते का?’ असा प्रश्न आला आणि मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. विक्रीचा विषय तूर्त मागे पडला आहे. गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल असे येत्या रविवारी जावे म्हणतो. गाडी बरेच महिने उभी आहे, कार्बोरेटरचे मॉडेल आहे. काढण्यापूर्वी काय काय पाहावे?

टू-स्ट्रोक, सिडको

टाकीतले जुने पेट्रोल काढून नवीन भरा आणि कार्बोरेटरच्या वाटीतलेही खालचा स्क्रू सैल करून वाहू द्या, कारण शिळ्या पेट्रोलचा चिकट थर जेटच्या बारीक भोकात बसतो आणि मग गाडी सुरू होऊनही रेस घेत नाही. बॅटरी चार्ज करून घ्या. इंजिन ऑइल किलोमीटर झाले नसले तरी बदला. टायरमध्ये हवा भरल्यावर कडेच्या रबराला बारीक चिरा आहेत का, ते बोटाने वाकवून पाहा. असतील तर घाटाचा बेत टायर बदलल्यावरच.

नाशिकरोडचे काका

साखळी घासलेटने पुसून तेल द्या आणि क्लचची वायर मुठीपाशी तुटायला आली आहे का ते पाहा, ती नेमकी चढालाच तुटते. पहिल्याच दिवशी वाघेरा घाट नको. आधी गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, वाटेत मोकळा रस्ता पाहून दोन्ही ब्रेक दोन-चारदा दाबून बघा आणि घरी आल्यावर इंजिनाखाली तेलाचा डाग पडतो का ते तपासा. आणि विमा मुदतीच्या आतच भरा. खंड पडला तर गाडीच्या नुकसानीचा विमा पुन्हा घेताना तपासणी मागतात, आणि नव्वद दिवसांच्या वर गेले तर साठलेला नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.